मेंदूचं डावं-उजवं

ताई, माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, सातवीत शिकतो. चित्रं सुरेख काढतो, पण गणितात दर परीक्षेला गटांगळ्या खातो. मध्यंतरी एका प्रशिक्षकांकडून त्याची ‘मेंदूचाचणी’ करून घेतली. त्यांनी बोटांचे ठसे घेतले, एक प्रश्नावली भरून घेतली आणि रंगीत रिपोर्ट हातात ठेवला : उजवा मेंदू ६८ टक्के, डावा ३२ टक्के. म्हणजे मुलगा कल्पक, कलाकार वृत्तीचा. तर्क आणि आकडेमोड हा त्याचा प्रांत नाही. त्याला सगळं चित्रांतून आणि संगीतातूनच शिकवा, गणिताच्या फार मागे लागू नका, असा सल्ला मिळाला. तो डावखुरा आहे, हा त्याचाच पुरावा, असंही ते म्हणाले. नऊ वर्षांच्या मुलीचा रिपोर्ट बरोबर उलटा आला. मुलांच्या बाबांना हे सगळं पटलंय. मुलगा आता गणिताची वही उघडतच नाही. विचारलं तर म्हणतो, ‘माझा डावा मेंदू वीक आहे ना.’ मुलीनं आपली रंगांची पेटी दादाला देऊन टाकली. मेंदूचे दोन भाग वेगवेगळी कामं करतात, हे तर आम्हीही शाळेत शिकलो होतो. मग हे खरं मानायचं का? आणि मुलांना शिकवायचं तरी कसं? सोबत रिपोर्टचं पहिलं पान आणि त्याच्या वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवते आहे.
– गोंधळलेली आई

रिपोर्टच्या पानावर मेंदूचं चित्र आहे. डावी बाजू करड्या रंगाची, तिच्यात आकडे आणि दातेरी चाकं. उजवी बाजू सप्तरंगी, तिच्यात फुलपाखरं. हे चित्र माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात मी स्वतः असंच चित्र पडद्यावर दाखवून तासभर बोलले होते. टाळ्याही मिळाल्या. ‘बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ असं समोरच्या एकानंही विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. तेव्हा तुमच्या त्या प्रशिक्षकांवर तोंडसुख घ्यायचा मला फारसा अधिकार नाही. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर आडपडदा न ठेवता देते : रिपोर्ट बाजूला ठेवा आणि गणित सोडू देऊ नका.

आता कारणं. तुम्ही शाळेत शिकलात ते खोटं नाही. खरी गोम तिथंच आहे. धादांत खोटं असतं तर ते इतकी वर्षं टिकलं नसतं.

अर्धांगवायूचा झटका आलेलं माणूस ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. उजवं अंग लुळं पडलं की पुष्कळदा वाचाही जाते. डावं अंग गेलं तर बोलणं बहुधा शाबूत राहतं. शरीराच्या उजव्या बाजूचा कारभार मेंदूचा डावा अर्धा भाग पाहतो आणि बोलण्याचं मुख्य ठाणंही बहुतेकांच्या त्याच अर्ध्यात असतं, म्हणून दोन्ही एकदम जातात. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाकडे एक रुग्ण आला. दुसऱ्याचं बोलणं त्याला बरंचसं समजायचं, पण स्वतःच्या तोंडून जवळजवळ एकच शब्द निघायचा : ‘तां’. तो वारल्यावर ब्रोकांनी त्याचा मेंदू तपासला, तर डाव्या बाजूला कपाळामागच्या भागात इजा होती. असे आणखी रुग्ण पाहून १८६५ मध्ये त्यांनी लिहिलं, की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागानं बोलतो.

म्हणजे उजवा भाग मुका, म्हणून बिनकामाचा? अजिबात नाही. त्या बाजूला इजा झालेले काही रुग्ण अस्खलित बोलतात, पण ‘वा, फारच लवकर आलास!’ यातला टोमणा त्यांच्या ध्यानातच येत नाही. शब्द कळतात, सूर निसटतो. १९८६ मध्ये झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. रुग्णांना कागदावर इंग्रजी ‘एम’ हे मोठं अक्षर दाखवलं, पण ते काढलेलं होतं छोट्या छोट्या ‘झेड’ अक्षरांची रांग लावून. मग कागद काढून घेतला आणि आठवून काढायला सांगितलं. ज्यांच्या उजव्या भागाला इजा होती त्यांनी पानभर झेड विखरून ठेवले, एम गायब. ज्यांच्या डाव्या भागाला इजा होती त्यांनी ठसठशीत एम काढला, त्यात झेड एकही नाही. एकाला झाडं दिसतात, जंगल दिसत नाही. दुसऱ्याला नेमकं उलटं. दोन अर्ध्यांमध्ये फरक आहे तो असा, आणि तो खराखुरा आहे.

या सगळ्याला लोकांच्या गप्पांत आणलं ते एका शस्त्रक्रियेनं. दोन्ही अर्ध्यांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा असतो, त्याला कॉर्पस कॅलोसम म्हणतात. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. काही रुग्णांना कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या फिट्स येत. एका बाजूला उठलेलं वादळ दुसऱ्या बाजूला पसरू नये म्हणून १९६२ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगेन या डॉक्टरांनी अशा एका रुग्णाचा हा पट्टाच कापला. फिट्स आटोक्यात आल्या. अशा रुग्णांची तपासणी मेंदूचे अभ्यासक रॉजर स्पेरी आणि त्यांचा तरुण विद्यार्थी मायकेल गझानिगा यांनी पुढे अनेक वर्षं केली. या कामासाठी स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

त्यांच्या तपासणीची युक्ती साधी होती. समोर बघत राहिलं की नजरेच्या डावीकडचं दृश्य आधी उजव्या अर्ध्याकडे जातं आणि उजवीकडचं डाव्याकडे. (डावा डोळा आणि उजवा डोळा असं नाही हो, हे पुष्कळ ठिकाणी चुकीचं छापलेलं असतं. प्रत्येक डोळ्यातून दोन्हीकडे तारा जातात.) पट्टा कापलेला असेल तर एका अर्ध्यानं पाहिलेलं दुसऱ्याला कळायचा रस्ताच उरत नाही.

१९७० च्या दशकात गझानिगा आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानं अशाच एका मुलाला दोन चित्रं एकाच क्षणी दाखवली. डाव्या अर्ध्याला दिसला कोंबडीचा पंजा, उजव्या अर्ध्याला दिसलं बर्फानं झाकलेलं घर. मग समोर बरीच चित्रं मांडून जुळणारं चित्र निवडायला सांगितलं. उजव्या हातानं कोंबडी निवडली. डाव्या हातानं फावडं निवडलं, म्हणजे बर्फ उपसायला. दोन्ही हात आपापल्या परीनं बरोबर होते. मग विचारलं, ‘फावडं का रे?’ उत्तर देणार बोलणारा डावा अर्धा, आणि त्यानं तर बर्फ पाहिलेलंच नव्हतं. ‘माहीत नाही’ म्हणायला हवं होतं. पण मुलानं क्षणभरही न अडखळता सांगितलं : पंजा कोंबडीचा, आणि कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की!

हा प्रसंग मी तुम्हाला मुद्दाम सांगतेय. मेंदूला कारण माहीत नसलं तरी तो कारण रचतो, ते ठामपणे सांगतो आणि सांगणाऱ्याला ते खरंच वाटतं. तुमचा मुलगा ‘माझा डावा मेंदू वीक आहे’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. त्याच्या हातात कुणीतरी फावडं दिलंय आणि तो त्याचं खुराडं शोधतोय.

स्पेरींच्या प्रयोगांची बातमी प्रयोगशाळेतून बाहेर पडली आणि मग वारं प्यायल्यासारखी सुटली. ‘डावा अर्धा भाषेत तरबेज’ याचं झालं ‘डावा अर्धा तर्कशुद्ध’. त्याचं झालं ‘काही माणसं डाव्या मेंदूची असतात’. त्याचं झालं ‘तुमचं मूल कोणत्या मेंदूचं, तपासून घ्या’. स्पेरींनी स्वतःच बजावलं होतं, की डाव्या-उजव्याची ही कल्पना अशी आहे की तिच्यामागे माणूस सहज वाहवत जातो. ऐकतो कोण!

यातली मेख नीट बघा. स्पेरींच्या रुग्णांचा पट्टा कापलेला होता. तुमच्या मुलाचा जागेवर आहे. एका अर्ध्याचा निरोप दुसऱ्याकडे पोचायला सेकंदाचे काही हजारांश पुरतात. एखादं काम एका अर्ध्यात जास्त चालतं, हे खरं. त्यावरून एखाद्या माणसात एक अर्धा जास्त चालतो, हे निघत नाही. हातात कात्री धरली की डावं-उजवं पातं वेगवेगळं दिसतं, पण अमुक मुलगा उजव्या पात्यानं कापतो असं कुणी म्हणत नाही. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७ ते २९ वर्षं वयाच्या १०११ जणांच्या मेंदूची स्कॅन चित्रं तपासली, मेंदूचे सात हजारांच्या आसपास तुकडे कल्पून. ठिकठिकाणी एका बाजूकडे कल असलेली जाळी सापडली, भाषेची डावीकडे, लक्ष देण्याची उजवीकडे. पण सगळाच मेंदू डावीकडे झुकलेला किंवा सगळाच उजवीकडे झुकलेला, अशी माणसं त्यात सापडली नाहीत. ६८ आणि ३२ अशी वाटणी करायला तिथं काही नव्हतंच.

संगीताबद्दलही रिपोर्टमध्ये लिहिलंय, म्हणून हे. १९७४ मध्ये काही जणांना एकेका कानात सुरावटी ऐकवून त्या ओळखायला लावल्या. संगीत न शिकलेल्यांना डाव्या कानानं ऐकलेली सुरावट जास्त चांगली ओळखता आली, म्हणजे उजव्या अर्ध्याची मदत जास्त. संगीत शिकलेल्यांचं मात्र उलटं निघालं : उजवा कान, डावा अर्धा. सुरावट तीच, पण शिकलेला कान तिचे तुकडे पाडून ऐकतो. म्हणजे कोणता अर्धा पुढे होणार हे विषयावर जेवढं अवलंबून, तेवढंच तुम्ही तो किती शिकलात यावरही. ‘संगीत उजवं, गणित डावं’ असा सातबारा मेंदूवर लिहिता येत नाही.

डावखुरेपण : शंभरात साधारण दहा माणसं डावखुरी असतात, आणि त्यांच्यातही दहापैकी सातांची भाषा डाव्या अर्ध्यातच असते. तेव्हा डावा हात म्हणजे उजवा मेंदू, हे गणितच चुकलंय (आणि ते काही तुमच्या मुलानं सोडवलेलं नाही). हात बदलायला कुणी सांगितलं तर साफ नाही म्हणा. लिहिताना वही शरीराच्या मध्यरेषेपेक्षा थोडी डावीकडे ठेवू दे, वरचा भाग किंचित उजवीकडे कलता, आणि दिव्याचा उजेड उजवीकडून येऊ दे. हात लिहिलेल्यावरून घासत जाणार नाही. बोटांच्या ठशांविषयी फार लिहीत नाही. ते आईच्या पोटातच ठरतात. त्यानंतर मुलानं काय वाचलं, काय काढलं, कुणी त्याला काय शिकवलं, यातलं एक अक्षरही त्या रेषांत उमटत नाही. शिकणं ठशांत शोधायचं म्हणजे दाराच्या कडीवरून घरातल्या माणसांचा स्वभाव सांगायचा.

रिपोर्टखालच्या ओळीत ‘डावा हात उजव्या गुडघ्याला, उजवा डाव्याला’ हा व्यायाम दोन्ही मेंदू जोडण्यासाठी दिलाय. करू दे की. अंग मोकळं होईल, कंटाळा जाईल. मेंदू आधीच जोडलेले आहेत.

आता ते दोन फोटो. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

पहिल्या पानावर अपूर्णांकांच्या बेरजा आहेत, सहा. सहाही चूक, लाल शाईनं पान भरलंय. पण चुका नीट बघा. ३/४ + २/५ = ५/९. १/२ + १/३ = २/५. ५/६ + १/४ = ६/१०. प्रत्येक ठिकाणी त्यानं अंशात अंश मिळवलाय, छेदात छेद. एकदाही यात फरक नाही. दुसऱ्या पानावर अपूर्णांकांचे गुणाकार आहेत, आठ, आणि आठही बरोबर. ३/४ × २/५ = ६/२०, आणि पुढे संक्षिप्त रूप ३/१०, तेही न सांगता दिलेलं. म्हणजे झालंय काय? गुणाकारात अंशाला अंशानं आणि छेदाला छेदानं गुणतात, हा नियम त्याला चांगला बसला. तोच त्यानं बेरजेला लावला, आणि सहाच्या सहा उदाहरणांत न चुकता लावला. ज्याच्यात तर्क नाही असा मुलगा सहा वेळा वेगवेगळं चुकला असता. हा एकाच ठिकाणी चुकलाय आणि तिथून पुढे अगदी शिस्तीत गेलाय. ३२ टक्केवाल्या डाव्या मेंदूचं हे लक्षण नाही. त्याला एक गोष्ट कुणी दाखवलेली नाही, एवढंच.

ती कशी दाखवायची? नियम सांगू नका. लसावि तर इतक्यात काढूच नका. आधी विचारा, ‘पाऊण तास, आणि वर आणखी थोडा वेळ. पाऊण तासापेक्षा जास्त की कमी?’ तो हसेल. मग म्हणा, ‘तुझं उत्तर ५/९ तास. मिनिटं किती होतात बघ.’ तेहतीस मिनिटं आणि वर वीस सेकंद. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. त्यात भर घातली आणि उत्तर तेहतीसवर आलं! इथं तुम्ही गप्प बसा. त्याला बघत बसू दे. चूक आहे हे तुमच्या लाल पेनानं सांगण्यापेक्षा घड्याळानं सांगितलेलं बरं.

मग घड्याळाची तबकडी काढायला सांगा, काढेल तो झकास. ३/४ रंगव : पंचेचाळीस मिनिटं. २/५ म्हणजे? साठचे पाच भाग, एकेक बारा मिनिटांचा, त्यातले दोन : चोवीस. पंचेचाळीस आणि चोवीस, एकोणसत्तर. एक तास आणि वर नऊ मिनिटं. आता विचारा, ‘आपण दोन्ही वेळा कशात मोजलं?’ मिनिटांत. पाव तास आणि पंचमांश तास यांची थेट बेरीज होत नव्हती; दोन्ही मिनिटांत आणल्यावर झाली. समान छेद म्हणजे दुसरं काही नाही. हे त्याला स्वतःला सुचलं तर उत्तम, नाहीतर तुम्ही सुचवा. लसावि याच्यानंतर आणा, ‘साठपेक्षा छोट्या आकड्यानंही काम भागेल का?’ असं विचारत. वीस पुरतो. १५/२० + ८/२० = २३/२०. तपासून बघ, एकोणसत्तर मिनिटंच येतात.

‘म्हणजे चित्रांतूनच शिकवायचं ना, मग रिपोर्ट बरोबरच की,’ असं मुलांचे बाबा म्हणतील. त्यांना सांगा, चित्र आणि शब्द जोडीनं आले तर ते जवळजवळ सगळ्यांनाच सोपं जातं, त्याच्यासाठी उजव्या मेंदूचा दाखला लागत नाही. तुमच्या मुलीलाही अपूर्णांक घड्याळावरच शिकवा. ‘हा बघून शिकणारा, ही ऐकून शिकणारी’ अशी वर्गवारी करून, त्या त्या पद्धतीनं शिकवल्यावर मुलं जास्त शिकतात का, याचा चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये कसून आढावा घेतला. वर्गवारीच्या बाजूनं पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड असते, ती असू दे. पण नकाशा शिकायचा तर बघावाच लागतो आणि उच्चार शिकायचा तर ऐकावाच लागतो, आवड कसलीही असो.

आणि या एका उदाहरणात मेंदूत काय काय चाललं असेल बघा. ‘पाच बारे साठ’ हा पाढा शब्दांसारखा साठवलेला असतो, त्याला भाषेची, म्हणजे बहुधा डाव्या बाजूची साथ. ‘एकोणसत्तर हे पंचेचाळीसपेक्षा बरंच मोठं’ हा अंदाज दोन्ही अर्ध्यांच्या वरच्या मागच्या भागांतून येतो. तबकडीवर नजर फिरवायला उजवा भाग हवा. उत्तर वाचून दाखवायला डावा. गणित डाव्या मेंदूचं असतं तर हे उदाहरण अर्ध्यातच अडकलं असतं.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती शिकवणाऱ्यांची चूक आहे, मुलाची नव्हे. एक पान नुसत्या बेरजांचं, एक पान नुसत्या गुणाकारांचं. अशा पानावर मुलाला विचारच करावा लागत नाही. पहिलं उदाहरण सुटलं की उरलेली त्याच साच्यात ओतायची. परीक्षेत मात्र सगळी सरमिसळ येते, आणि कोणता साचा कुठं, हे तर कधी शिकवलेलंच नसतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची उदाहरणं संपवून मग दुसऱ्या प्रकारची केली, काहींनी सगळी मिसळून. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के बरोबर येत होती, दुसऱ्याची फक्त ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली. पहिला गट २० टक्क्यांवर आला, दुसरा ६३ वर. सरावात जे गुळगुळीत वाटतं ते टिकतंच असं नाही, हे आपल्याला पटायला फार जड जातं. मलाही गेलं.

तेव्हा रोज सहाच उदाहरणं द्या. दोन बेरजेची, दोन गुणाकाराची, एक वजाबाकीचं, एक मागच्या आठवड्यातलं कुठलंही, क्रम उलटसुलट. सोडवायच्या आधी फक्त दोन गोष्टी विचारा : ‘हे कशाचं आहे?’ आणि ‘उत्तर एकापेक्षा मोठं येईल की लहान?’ सुरुवातीला चुका वाढतील, आणि मुलांचे बाबा म्हणतील, ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ महिनाभर दम धरा.

इतिहास-विज्ञानासाठी पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणं. २००६ मधला एक प्रयोग : उतारा दोनदा वाचणाऱ्यांना आठवड्यानं ४२ टक्के आठवला, एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत म्हणजे पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारेच पुढे होते. घोकंपट्टी आपल्याला फसवते ती या पाच मिनिटांत.

हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांनी काहीच हललं नाही, किंवा दोन आकड्यांतला मोठा कोणता, सुट्टे पैसे किती परत येणार, एवढ्यातही तो गोंधळत असेल, तर अध्ययन अक्षमतेची रीतसर तपासणी मानसशास्त्रज्ञाकडून करून घ्या. त्यात मुलाला वाचायला, लिहायला, मोजायला लावतात. बोटं शाईत बुडवत नाहीत. वहीवरून मला तशी शंका मुळीच येत नाही, पण दोन फोटोंवरून मी निदान करणार नाही. एका रंगीत पानावरून निदान झाल्याचं फळ आपण बघतोच आहोत.

मुलाशी काय बोलायचं? ‘तो रिपोर्ट खोटा आहे’ एवढंच म्हणालात तर तो म्हणेल, ‘आई आहेस म्हणून म्हणतेस.’ त्याला वहीच दाखवा. त्या सहा बेरजा पुढे ठेवा आणि म्हणा, ‘यात तू एकच चूक सहा वेळा केलीयेस. कोणती, शोध.’ चूक शोधण्याचं काम त्याच्याकडे गेलं की तो वही उघडेल. उत्तर बरोबर आणण्याच्या कामासाठी तो इतक्यात उघडणार नाही. कोंबडी आणि फावड्याची गोष्ट त्याला जरूर सांगा. या वयाच्या मुलांना ती फार आवडते, आणि पुढच्या वेळी तो ‘डावा मेंदू’ म्हणाला की तुम्ही नुसतं ‘फावडं!’ म्हटलं तरी पुरे.

मुलीची मला जास्त काळजी वाटते. मुलगा निदान कुरकुरतोय. तिनं मुकाट्यानं पेटी देऊन टाकली, आणि ‘गणितात हुशार’ असं तिच्या कपाळी लिहिलं गेल्यामुळे तिचं काही हरवलंय हे घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही. तिला प्रवचन नको. दादाकडून पेटी परत मागवा आणि घड्याळाची तबकडी रंगवायला तिलाही बसवा. दोन्ही मुलं एकाच टेबलाशी, एकाच कागदावर.

आणि मुलांच्या बाबांना रागावू नका. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांची २०१२ मध्ये पाहणी झाली, तेव्हा दहापैकी जवळजवळ नऊ जणांना डाव्या-उजव्या मेंदूवरून मुलांच्या शिकण्यातला फरक कळतो असंच वाटत होतं, आणि ते रोज मुलांना शिकवणारे लोक होते. मीही त्यांच्यातलीच. मनात एवढंच येतं, की त्या प्रशिक्षणाहून परत गेलेल्या शिक्षकांच्या वर्गात कुणी वही मिटून ठेवली असेल का.

एक शेवटचं. गुणाकारांच्या पानाच्या समासात तुमच्या मुलानं सायकल काढलीय. पुढच्या चाकाच्या आऱ्या मी मोजल्या : सोळा, आणि दोन आऱ्यांमधलं अंतर डोळ्याला तरी सगळीकडे सारखं. वर्तुळाचे सोळा समान भाग त्यानं हातानं पाडलेत, कुठलंही साधन न वापरता. आधी अर्धे, मग पाव, मग त्यांचे अर्धे, मग त्यांचेही अर्धे, असंच केलं असणार. नक्की कसं केलं ते त्याला विचारा आणि मला कळवा. मागच्या चाकात किती आऱ्या आहेत ते मात्र कळलं नाही, कारण फोटो काढताना तुम्ही समास अर्धा कापलात. पुढच्या वेळी पूर्ण पान पाठवा.